आधीची सात वर्षं, नंतरचं एक वर्ष

लेखमाला : पेशींचे उपचार – भाग सहावा

थॅलेसेमियाच्या मुलाला बोन मॅरो देतात त्या दिवसाला वॉर्डात ‘डे झीरो’ म्हणतात. घरच्यांनी त्या दिवसाची केवढी धास्ती घेतलेली असते. ऑपरेशन किती तास चालणार, मूल शुद्धीवर कधी येणार, टाके किती पडणार. पण मुलाचं ऑपरेशन नसतंच. भावाच्या किंवा बहिणीच्या कमरेच्या हाडातून काढलेली मज्जा पिशवीत भरून येते. दिसायला रक्तासारखीच, जरा दाट, कडेला चरबीचे बारीक थेंब. मुलाच्या छातीत आधीच बसवलेल्या नळीला ती पिशवी जोडतात आणि ती ठिबकत राहते. मूल जागं असतं, बहुतेकदा मोबाइलवर कार्टून बघत असतं. काही तासांत पिशवी संपते, नर्स वेळ लिहून घेते, झालं प्रत्यारोपण.

आत गेलेल्या पेशींना वाट दाखवावी लागत नाही. हाडांच्या पोकळीतून काही रसायनं सतत स्रवत असतात. त्यांच्या रोखाने मूळपेशी रक्तातून फिरत फिरत हाडांत शिरतात, तिथे बस्तान बसवतात आणि दोन-चार आठवड्यांत नवं रक्त बनवू लागतात. किडनी किंवा यकृत बदलताना सर्जनला एकेक रक्तवाहिनी जोडावी लागते, इथे ते काम पेशीच करतात. पेशींच्या प्रत्यारोपणाचे आज जेवढे प्रकार ऐकू येतात, त्यांत हा सर्वांत जुना आणि सर्वांत भरवशाचा.

गेल्या भागात मूळपेशी म्हणजे काय ते आपण पाहिलं. हा भाग मुद्दाम वसई-विरार आणि एकूण पालघर जिल्ह्यातल्या घरांसाठी लिहिला आहे. इथल्या अनेक आईबापांना डॉक्टरांनी ‘बोन मॅरो करून घ्या’ एवढं एक वाक्य सांगितलेलं असतं आणि पुढचं सगळं त्यांनी शेजारपाजारी, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर गोळा केलेलं असतं. मला त्यांना एकच गोष्ट पटवायची आहे. या उपचाराचं यश डे झीरोला ठरत नाही. त्याआधीच्या सहा-सात वर्षांत मुलाला रक्त कसं दिलं, अंगात लोह किती साठलं, भावंडांची तपासणी कधी झाली, आणि नंतरचं एक वर्ष घरात कसं निभावलं, यांवर ते ठरतं. यातलं बरंचसं घरच्यांच्या हातात असतं, फक्त त्यांना ते वेळेवर कोणी सांगायला हवं.

आधी थोडा इतिहास. अमेरिकेत डॉ. ई. डॉनल थॉमस यांनी १९५७ साली सहा रुग्णांना दुसऱ्याची मज्जा देऊन पाहिली. सहाही दगावले. पुढच्याच वर्षी युगोस्लाव्हियातल्या व्हिंचा इथे अणुभट्टीत अपघात झाला आणि किरणोत्साराने मज्जा जळालेल्या लोकांना पॅरिसला नेऊन डॉ. जॉर्ज माते यांनी मज्जा देण्याचा प्रयत्न केला. नेमक्या त्याच सुमारास झाँ दोसे हे फ्रेंच शास्त्रज्ञ पांढऱ्या पेशींवरच्या ओळखीच्या खुणा शोधत होते. आज आपण त्यांना एचएलए म्हणतो. या खुणा जुळल्याशिवाय एकाची मज्जा दुसऱ्याला मानवत नाही हे कळल्यावरच वाट मोकळी झाली. १९६८मध्ये पहिल्यांदा बहिणीची मज्जा घेऊन एक बाळ वाचलं, १९८१मध्ये सिअ‍ॅटलला थॅलेसेमियाच्या मुलावर पहिलं प्रत्यारोपण झालं, आणि १९९०मध्ये थॉमस यांना नोबेल मिळालं. पहिल्या सहा मृत्यूंनंतर हा माणूस तीस-बत्तीस वर्षं त्याच कामात राहिला, याबद्दल मला फार आदर वाटतो.

भारतातली सुरुवात आपल्या मुंबईत झाली. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २० मार्च १९८३ रोजी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा देण्यात आली. ते करणारे डॉ. सुरेश अडवाणी लहानपणी पोलिओ झाल्यामुळे व्हीलचेअरवर. अपंगत्वाचं कारण दाखवून ग्रँट मेडिकल कॉलेजने त्यांना आधी प्रवेश नाकारला होता. नंतर तो मिळाला, पुढे ते सिअ‍ॅटलला थॉमस यांच्याकडे शिकून आले आणि परत येऊन टाटातल्या मोजक्या साधनांवर त्यांनी हे करून दाखवलं. १९८६मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. मॅमन चंडी यांच्या गटाने थॅलेसेमियाच्या मुलासाठी हा उपचार सुरू केला. त्या वेल्लोरच्या अनुभवातून निघालेली एक गोष्ट या लेखाचा कणा आहे. तिच्याकडे वळतो.

थॅलेसेमिया मेजरच्या मुलाचं हिमोग्लोबिन साधारण सहाव्या महिन्यानंतर घसरू लागतं, कारण हिमोग्लोबिनचा एक भाग बनवण्याची सूचनाच त्याच्या दोन्ही जनुकांत बिघडलेली असते. आई मायनर, वडील मायनर, म्हणजे दोघांचंही एकेकच जनुक बिघडलेलं, म्हणून दोघंही ठणठणीत, आणि मूल मेजर. मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, जन्मभर. रक्ताने मूल वाढतं, शाळेत जातं, खेळतं. पण प्रत्येक पिशवीसोबत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात येतं आणि माणसाच्या शरीराला ते बाहेर टाकायची सोयच नाही. दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम जातं. म्हणजे एका पिशवीतलं लोह निघून जायला चार-सहा महिने लागावेत आणि पुढची पिशवी मात्र तीन आठवड्यांनी. ते लोह आधी यकृतात साचतं, मग हृदयात, मग ग्रंथींमध्ये. त्यासाठी लोह काढणारी औषधं असतात. पूर्वी रात्रभर पोटाच्या कातडीखाली सुई लावून पंपाने औषध द्यावं लागे. तोंडाने घ्यायची गोळी ‘केल्फर’ या नावाने सिप्ला कंपनीने नव्वदच्या दशकात भारतात आणली, तेव्हा जगात इतरत्र ती बाजारात नव्हती. आज डेफेरासिरॉक्सच्या गोळ्या सर्रास मिळतात. तरीही गोळ्या चुकतात. मूल कुरकुर करतं, पोट दुखतं म्हणतं, महिन्याअखेर पैसे संपलेले असतात. फेरिटिनचा, म्हणजे साठलेल्या लोहाचा रिपोर्ट पाहून डॉक्टर रागावतात आणि आई मान खाली घालून बसते. रागावून काही होत नाही. त्या गोळीचा प्रत्यारोपणाशी संबंध काय, हे तिला कोणी समजावलेलं नसतं.

संबंध असा आहे. इटलीत पेझारो इथे डॉ. गुइडो लुकारेल्ली यांनी शेकडो मुलांवर हा उपचार केला आणि कोणती मुलं तरतात, कोणती नाही, याची छाननी केली. तीन गोष्टी पुढे आल्या: यकृत बरगडीखाली दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढलेलं, यकृतात तंतू धरलेले, आणि लोह काढायची औषधं अनियमित. यांतलं काहीच नसेल तो पहिला वर्ग, तिन्ही असतील तो तिसरा. वेल्लोरच्या डॉक्टरांना दिसलं की आपल्याकडे बहुतेक मुलं तिसऱ्याच वर्गात येतात, म्हणून त्यांनी त्या वर्गातही बारकाईने पाहिलं. वय सात किंवा जास्त आणि यकृत पाच सेंटिमीटर किंवा जास्त वाढलेलं, अशा मुलांना सर्वाधिक धोका. म्हणजे सातव्या वाढदिवसाच्या आत, यकृत मऊ आणि लहान असताना जे मूल या दारात येतं, त्याची स्थिती फार वेगळी असते. भावंडाची पूर्ण जुळणारी मज्जा आणि चांगलं जपलेलं मूल असेल, तर शंभरातली ऐंशी ते नव्वद मुलं थॅलेसेमियातून मोकळी होतात. नंतर येणाऱ्यांना दार बंद नसतं, नवी औषधं आली आहेत, पण वाट कठीण होत जाते.

एचएलएच्या जुळणीबद्दल ‘मॅच झालं नाही’ हे वाक्य घरात वाईट बातमीसारखं येतं, त्यामुळे त्यामागचं गणित सांगायला हवं. या खुणांचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. म्हणून दोन सख्ख्या भावंडांचे दोन्ही संच तंतोतंत जुळण्याची शक्यता चारात एक. आईचा काय, वडिलांचा काय, दोनपैकी एकच संच मुलाशी जुळतो, दुसरा नाही, म्हणून ते ‘हाफ मॅच’. शिवाय देणारं भावंड स्वतः मेजर नसावं, याची शक्यता चारात तीन. ही दोन्ही जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असल्याने दोन्ही शक्यता गुणायच्या: एका भावंडामागे सोळात तीन. भावंड मायनर असलं तरी चालतं, हे पुष्कळांना माहीत नसतं आणि ‘तिलाही थोडा आहे’ म्हणून मुलीची तपासणीच केली जात नाही. तपासणीला थोडं रक्त पुरतं, काही ठिकाणी गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळाही चालतो. थॅलेसेमियाच्या संस्था आणि रुग्णालयं यासाठी अधूनमधून मोफत शिबिरं घेतात. मूल वर्षा-दोन वर्षांचं असतानाच ही तपासणी उरकावी. मॅच आहे हे आज कळलं तर आईबाप पुढची पाच वर्षं गोळी चुकवत नाहीत. आशा हातात असली की शिस्त येते.

आणखी एक गोष्ट इथे ठासून सांगतो, कारण ती आपल्या स्वभावाच्या उलट आहे. रक्ताची पिशवी मिळत नाही म्हटल्यावर मामा, काका, वडील धावत येतात आणि ‘आमचं घ्या’ म्हणतात. पुढे प्रत्यारोपण करायचं असेल तर मुलाला घरच्यांचं रक्त देऊ नये. त्या रक्तातल्या खुणांची मुलाच्या शरीराला आधीच ओळख होते, ते त्यांच्याविरुद्ध तयार राहतं, आणि उद्या त्याच घरातल्या माणसाची मज्जा आली की ती झिडकारण्याची भीती वाढते. घरच्यांनी रक्त जरूर द्यावं, पण रक्तपेढीत, दुसऱ्या कोणासाठी. आपल्या मुलासाठी पेढीतली पिशवी, पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर लावून. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना ओळखपत्रावर रक्त मोफत आणि बदली रक्तदाता न मागता द्यायचं, असा राज्य रक्त संक्रमण परिषदेचा नियम आहे. मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं नाहीत, तेव्हा हा नियम कागदावर राहतो हेही खरं. वसई-विरारमधल्या मंडळांनी गणपती-नवरात्रात घेतलेली रक्तदान शिबिरं मोठी असतात. त्यांतलं एखादं एप्रिल-मेमध्ये ढकललं तरी या मुलांचे दोन महिने सुकर होतील.

भावंड जुळलं नाही तर नोंदणी यादीतला अनोळखी दाता शोधायचा. जगभरच्या याद्यांत मिळून चार कोटींहून जास्त नावं आहेत. एकट्या जर्मनीत कोटीच्या घरात. आपल्याकडे दात्री, डीकेएमएस, मुंबईची मॅरो डोनर रजिस्ट्री अशा संस्था काम करतात, पण एवढ्या लोकसंख्येत नावं काही लाखांवरच. खुणा वंशपरंपरेने येतात, त्यामुळे भंडारी, कोळी, आगरी, वारली, कुपारी घरातल्या मुलाला जर्मनीत दाता सापडणं अवघड. तो इथल्याच माणसांत सापडेल. दाता म्हणून नाव दिल्यावर बहुतेकदा हाडाला हातही लावत नाहीत. चार-पाच दिवस इंजेक्शन देऊन मूळपेशी रक्तात उतरवतात आणि एका हातातून रक्त घेऊन, यंत्रातून गाळून, दुसऱ्या हातातून परत सोडतात. चार-पाच तास लागतात, आणि कमी पडलेल्या पेशी शरीर थोड्याच दिवसांत भरून काढतं. मज्जा हाडातून काढतात तेव्हाही ती कमरेच्या हाडातून, दात्याला भूल देऊन. पाठीच्या कण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. ‘माझ्या धाकट्याच्या मणक्यात सुई घालणार’ या भीतीने परत गेलेली घरं आहेत, म्हणून हे स्पष्ट सांगतो.

विरार, नालासोपारा, वसई रोड, नायगाव इथून लोकलने बोरिवली गाठणं हे इथल्या लोकांच्या अंगवळणी पडलेलं आहे. बोरिवली पूर्वेला मुंबई महापालिकेचं केंद्र आहे, तिथे थॅलेसेमिया, लहान मुलांचे रक्ताचे आजार आणि बोन मॅरो प्रत्यारोपण हे सगळं एका छताखाली होतं. परळला, खारघरला जाण्यापेक्षा आपल्या लाइनवर ही सोय असणं ही मोठी गोष्ट आहे. खर्चाचंही थोडं सांगतो. खासगी रुग्णालयात हा उपचार सहज पंधरा-वीस लाखांच्या पुढे जातो. कोल इंडिया कंपनीच्या सामाजिक निधीतून २०१७पासून ‘थॅलेसेमिया बाल सेवा योजना’ चालते, तिच्यात पात्र मुलाला ठरलेल्या रुग्णालयात दहा लाखांपर्यंत मदत मिळते. मुख्य अट भावंडाच्या जुळणीची आणि उत्पन्नाची. पुन्हा तेच: एचएलएचा रिपोर्ट हातात नसेल तर अर्जच पुढे सरकत नाही.

आता आत काय घडतं ते. भात लावणीआधी चिखलणी करून जुनं सगळं मोडून टाकावं लागतं, तशी डे झीरोच्या आधीच्या आठवड्यात जोरदार औषधांनी मुलाची स्वतःची मज्जा रिकामी करतात. तोंड येतं, केस जातात, पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर उतरतात. मग रोज सकाळी एकच प्रश्न: ‘काउंट आले का?’ न्यूट्रोफिल नावाच्या पेशी ५००च्या वर सलग तीन दिवस राहिल्या की मज्जा धरली असं मानतात. तोवर दोन-तीन आठवडे मूल गाळलेल्या हवेच्या खोलीत आणि एक पालक त्याच्यासोबत, बहुधा आईच. खोलीबाहेरच्या वडिलांनी रजा संपवलेली असते. मूल बरं होतं तेव्हा त्याचा रक्तगटही बदलू शकतो. भाऊ बी पॉझिटिव्ह असेल तर ओ पॉझिटिव्ह बहीण काही महिन्यांत बी पॉझिटिव्ह होते. आईला हे दहा वेळा सांगावं लागतं, कारण जुन्या फाइलवर ओ लिहिलेलं असतं.

धोके दोन बाजूंनी येतात. एक, नवी मज्जा धरत नाही आणि थॅलेसेमिया परत येतो. दुसरा जास्त विचित्र. नव्या मज्जेतून आलेल्या संरक्षक पेशींना मुलाचं शरीरच परकं वाटतं आणि त्या कातडी, आतडी, यकृत यांवर उठतात. तळहातावर लाली, पुरळ, मग जुलाब. याला जीव्हीएचडी म्हणतात. तो रोखायला सायक्लोस्पोरिनसारखी औषधं महिनोन् महिने द्यावी लागतात. त्या औषधाने जंतूंशी लढायची ताकदही दबते. उपचारामुळे जीव जाण्याची शक्यता चांगल्या मुलांतही शून्य नाही. शंभरातल्या चार-पाच घरांवर ती वेळ येते, आणि हे डॉक्टरांनी सहीच्या कागदाआधी तोंडाने सांगायला हवं. पुढे मूल होण्याच्या क्षमतेवरही या औषधांचा परिणाम होऊ शकतो, विशेषतः मुलींच्या बाबतीत. आपल्याकडे आठ वर्षांच्या मुलीच्या आईला हे विचारायला संकोच वाटतो. तिने विचारावं.

आणि मग घर. पहिले साधारण शंभर दिवस रुग्णालयाच्या आसपास राहा, असं सांगतात. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला की तासा-दोन तासांत पोचायचं असतं. विरारहून पावसाळ्यात हे कसं जमणार? जुलै २०१८मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून गाड्या ठप्प झाल्या होत्या, तेव्हा अशा घरातल्या आईने काय केलं असतं? म्हणून पहिले तीन महिने बोरिवली-दहिसरकडे भाड्याने खोली घ्यायचा खर्च सुरुवातीच्या हिशेबातच धरायला हवा. शक्य असेल तर प्रत्यारोपणाची तारीख अशी घ्यावी की घरी परतण्याचे महिने पावसाळ्याच्या बाहेर पडतील.

त्यानंतर घरी आल्यावर वसई-विरारचे स्वतःचे प्रश्न. भिंतीला ओल आली की काळी बुरशी धरते, आणि बुरशीचे बीजाणू दबलेल्या फुप्फुसाला सर्वांत घातक. चारी बाजूंना इमारती उठताहेत, त्या मातीतून आणि रेतीतून हेच बीजाणू हवेत मिसळतात. त्यामुळे मुलाची खोली कोरडी हवी, पावसाळ्याआधी रंगवलेली, रस्त्याकडची खिडकी बंद. टँकरचं पाणी असेल तर प्यायला आणि तोंड धुवायलाही उकळून. वाडीतली माणसं मोगरा-तगरीत वाढलेली. त्यांना घरात ताजी फुलं आणि कुंड्या नकोत हे सांगणं जड जातं, पण कुंडीतल्या मातीतही तीच बुरशी असते. केळं सोलून खायला हरकत नाही. गणपतीत घरात येणारं पपनस मात्र सायक्लोस्पोरिन चालू असताना अजिबात नको, त्याने औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. रक्तातली पातळी तपासायच्या दिवशी सकाळची मात्रा आधी घ्यायची नाही, रक्त दिल्यावरच घ्यायची. ही चूक इतकी साधी आहे आणि इतक्यांदा होते की फ्रिजवर कागद चिकटवून ठेवावा.

जिल्ह्याच्या पूर्वेकडे चित्र वेगळं आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणूच्या आदिवासी पाड्यांत प्रश्न थॅलेसेमियापेक्षा सिकलसेलचा. तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मुलाचे हातपाय, छाती, पोट असह्य दुखतं. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. २०४७पर्यंत निर्मूलन हे तिचं उद्दिष्ट, आणि सात कोटी लोकांची तपासणी हे पहिलं काम. या आजारातही भावंडाची जुळलेली मज्जा उत्तम काम करते. पण मोखाड्याच्या पाड्यावरून एसटीने पालघर, तिथून लोकल, असा प्रवास एखाद्या तपासणीसाठीही लोकांना परवडत नाही, तिथे शंभर दिवस बोरिवलीत राहणार कसं? आज तिथे हायड्रॉक्सीयुरियाची स्वस्त गोळी प्रत्येक मुलाच्या हातात पडणं हे प्रत्यारोपणाच्या कितीतरी आधीचं काम आहे, असं मला वाटतं.

जनुक दुरुस्तीबद्दल मात्र मोठी आशा आहे. मुलाच्या स्वतःच्याच मूळपेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकांत बदल करायचा आणि परत द्यायच्या, म्हणजे दाता नको आणि जीव्हीएचडीही नाही. २०२३च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेने अशा उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर. आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने सिकलसेलसाठी तयार केलेला उपचार नोव्हेंबर २०२५मध्ये ‘बिरसा १०१’ या नावाने जाहीर झाला आणि तो पुढे नेण्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाला. आदिवासी नेते बिरसा मुंडा यांचं नाव त्याला शोभतं, कारण हा आजार ज्यांच्यात जास्त, त्यांच्याचसाठी तो आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: मान्यता मिळालेल्या त्या परदेशी उपचारात मज्जा रिकामी करायची औषधं तीच, गाळलेल्या हवेची खोली तीच, नंतरची जपणूकही तशीच. स्वस्त झाला तरी असा उपचार पोचायला रुग्णालयं, नर्सा आणि रस्ते लागणारच.

कर्करोगातल्या पेशी-उपचारात आपण याहून पुढे आलो आहोत. रुग्णाच्या संरक्षक टी-पेशी काढून त्यांना कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवणारा ‘नेक्सकार१९’ हा उपचार पवईच्या आयआयटीत डॉ. राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियलसोबत तयार केला. २०२१मध्ये तो पहिल्यांदा टाटाच्या खारघरच्या केंद्रात रुग्णाला दिला गेला, ऑक्टोबर २०२३मध्ये परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो सुरू झाला. अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण दहाव्या भागात. त्याची सविस्तर हकिकत पुढे स्वतंत्र भागात येईल.

एवढं यश दिसल्यावर ‘स्टेम सेल’ हे दोन शब्द विकायला निघालेल्यांचीही गर्दी होते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, गुडघे, मधुमेह, सगळ्यावर मूळपेशींचं इंजेक्शन. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं मज्जा प्रत्यारोपण सोडलं, तर मूळपेशी द्यायच्या त्या फक्त नोंदणी झालेल्या चाचणीत, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. ऑटिझमसाठी हे देऊ नये, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळानेही २०२२मध्ये सांगितलं. पैसे मागितले की उठून यावं. नाळेतलं रक्त साठवणाऱ्या खासगी बँकांचंही तसंच. मुलाचं स्वतःचं नाळेचं रक्त त्याच्याच थॅलेसेमियावर चालत नाही, कारण बिघाड त्यातही असतो. घरात आधीच थॅलेसेमियाचं मूल असेल आणि दुसरं बाळ येणार असेल, तेव्हा त्या बाळाचं नाळेचं रक्त राखून ठेवण्याला अर्थ आहे. अशा घरांनी बाळंतपणाआधी, शक्यतो दहाव्या-बाराव्या आठवड्यातच, परळच्या केईएम आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेकडे (एनआयआयएच) किंवा तशा केंद्राकडे जावं. तिथे गर्भाची थॅलेसेमियाची तपासणी होते.

प्रत्यारोपण होऊन वर्ष उलटलं की दोन कामं उरतात आणि दोन्हीकडे दुर्लक्ष होतं. लहानपणी घेतलेल्या लसींचं संरक्षण जुन्या मज्जेसोबत गेलेलं असतं, म्हणून सगळ्या लसी नव्याने घ्याव्या लागतात, आणि गोवरासारख्या जिवंत लसी साधारण दोन वर्षांनी, डॉक्टर सांगतील तेव्हाच. दुसरं, आधीच्या वर्षांतलं लोह अजून यकृतात बसलेलं असतं. नवी मज्जा तांबडं रक्त भरपूर बनवू लागली की दर दोन-चार आठवड्यांनी मुलाचं थोडं थोडं रक्त काढून टाकतात. नवं रक्त बनवताना शरीर साठलेलं लोह वापरतं आणि फेरिटिन हळूहळू उतरतं. रक्त चढवायला ज्या खुर्चीत मूल वर्षानुवर्षं बसलं, तिथेच आता रक्त काढायला बसतं. हे घरच्यांना आधी सांगितलेलं नसलं तर ते घाबरतात आणि येणं बंद करतात. त्यांनी यायला हवं, यकृत पूर्ण मोकळं होईपर्यंत.

पुढच्या भागात ‘हाफ मॅच’: वडिलांच्या किंवा आईच्या अर्ध्याच जुळणाऱ्या मज्जेवर आता मुलं कशी तरतात, आणि त्यासाठी प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिलं जाणारं एक जुनं, स्वस्त औषध.